संशोधनाची पहिली जागा

संशोधनाची जागा मिळणे म्हणजे नेमके काय मिळणे, हा प्रश्न वरवर पाहता अगदी सोपा वाटतो. परंतु पदव्युत्तर परीक्षा चांगल्या रीतीने उत्तीर्ण झालेल्या दहा विद्यार्थ्यांना तो विचारला, तर बहुधा दहा निराळी उत्तरे येतील. कोणी म्हणेल, राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालो की जागा मिळाली. कोणी म्हणेल, विद्यापीठात नाव नोंदविले की झाले. कोणी एखाद्या प्राध्यापकाने 'येऊन भेटा' असे म्हटले एवढ्यावरच निश्चिंत होईल. या तिन्ही उत्तरांत सत्याचा एकेक अंश आहे आणि म्हणूनच ती तिन्ही फसवी आहेत. संशोधकाची जागा तीन गोष्टींच्या मिलाफाने सिद्ध होते. पहिली, निर्वाहासाठी अधिछात्रवृत्ती. दुसरी, पदवी देण्याचा अधिकार असलेल्या संस्थेतील प्रवेश. आणि तिसरी, ज्याच्याजवळ त्या वेळी जागा रिकामी आहे असा मार्गदर्शक. यांतील एखादीच गोष्ट हाती आली असता सर्व काही मिळाले असे मानणे, हे पुष्कळशा तरुणांच्या निराशेचे मूळ आहे.

रायपूरसारख्या नगरीतील विद्यार्थ्याच्या बाबतीत या निराशेला आणखी एक कारण जोडले जाते. ज्ञानाची खरी केंद्रे दूर कोठेतरी आहेत, मुंबई, पुणे, बंगलोर किंवा दिल्ली येथेच विज्ञान चालते, आपल्या गावी केवळ परीक्षा होतात, अशी समजूत घरोघरी रुजलेली असते. या समजुतीला इतिहासाचा आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात आले. पुढे इंग्रजी अमदानीत मध्यप्रांताची राजधानी नागपूरच होती आणि १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर उच्च शिक्षणाचा ओघही तिकडेच वळला. १९४६ साली सागर येथे विद्यापीठ निघाले. रायपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९६४ साली, पंडित रविशंकर शुक्ल यांच्या नावाने. तोपर्यंत येथील हुशार मुलाने बाहेर जायचे, हा क्रम ठरूनच गेला होता. रेल्वेने सुमारे ३०० किलोमीटरवरचे नागपूर हे तर येथील मराठी कुटुंबांचे जणू दुसरे घरच. कोणाचा मामा तेथे, कोणाची आत्या तेथे. म्हणून मुलगा तेथे.

आज मात्र ही परिस्थिती पालटलेली आहे. ती कशी पालटली हे पाहिले असता जागा कशी शोधावी याचेही उत्तर मिळू लागते. कारण रायपूरमधील संशोधनसंस्था आकाशातून पडलेल्या नाहीत, त्या या भूमीच्या गरजांतून उगवलेल्या आहेत. भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभारण्याचे ठरले, दल्ली-राजहऱ्याचे लोखंडी खनिज आणि कोरब्याचा कोळसा राष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा झाला, त्याच काळात, १९५६ साली, रायपूर येथे खनिकर्म व धातुविज्ञान यांचे शासकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी बसविली आणि १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तेच महाविद्यालय २००५ साली राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था झाले. आज तेथे अभियांत्रिकीच्या नानाविध शाखांबरोबर पदार्थविज्ञान, रसायन व गणित या विषयांतही पीएच्. डी. करता येते. २००० साली छत्तीसगडचे वेगळे राज्य झाले. २०१२ साली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था येथे सुरू झाली. २०१५ साली नव्या रायपुरात माहिती तंत्रज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. आणि २०१६ साली भिलाईच्या आय्. आय्. टी.ने आपले पहिले वर्ग रायपूरमध्येच भरविले. ती संस्था आता दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाटा येथे स्वतःच्या वास्तूत गेली आहे.

परंतु रायपूरचे खरे वैशिष्ट्य पाहावयाचे असेल, तर भाताकडे वळले पाहिजे. छत्तीसगडला भाताचे कोठार म्हणतात, हे सर्वश्रुत आहे. या कोठारात किती जातींचे धान्य आहे, हे मात्र एका माणसाच्या चिकाटीमुळे जगाला कळले. डॉ. आर. एच. रिछारिया हे केंब्रिजमधून डॉक्टरेट घेऊन आलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालकपद त्यांनी भूषविले होते. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी रायपूरला बसून खेडोपाड्यांतून, आदिवासी पाड्यांतून देशी भाताच्या जातींचे सुमारे १९ हजार नमुने गोळा केले. कोणती जात लवकर पिकते, कोणती कमी पाण्यावर तग धरते, कोणत्या तांदळाला सुगंध आहे, याची नोंद शेतकऱ्यांच्या तोंडून घेतली. १९८७ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे हा ठेवा आला आणि आज तेथील संग्रहात २३ हजारांहून अधिक नमुने आहेत. वनस्पतींच्या आनुवंशिकीवर काम करू इच्छिणाऱ्या तरुणाला असे भांडार जगात फार थोड्या ठिकाणी मिळेल. रायपूरजवळ बरोंडा येथील जैविक ताणविषयक राष्ट्रीय संस्थाही याच परिसरातील आहे. कीड, रोग आणि तण यांमुळे पिकावर येणाऱ्या संकटांचा अभ्यास करणे हे तिचे काम असून २०२१ साली ती राष्ट्राला अर्पण करण्यात आली.

दुसरे उदाहरण रक्ताच्या विकाराचे. तांबड्या पेशींचा आकार कोयत्यासारखा वाकडा होणे, हा सिकलसेल नावाचा आनुवंशिक विकार छत्तीसगडातील अनेक समाजांत आणि विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांतही मोठ्या प्रमाणावर आढळतो. रायपूरला या विकारासाठी स्वतंत्र संस्था आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि विद्यापीठात मानवशास्त्र व जीवशास्त्र यांचे विभाग आहेत. एकाच विकाराकडे वैद्य एका दृष्टीने पाहतो, रसायनज्ञ दुसऱ्या, तर मानवशास्त्रज्ञ तिसऱ्या दृष्टीने. रोग तोच, प्रश्न मात्र तीन, आणि म्हणून जागाही तीन.

यातून निघणारे पहिले तत्त्व असे की, जागेचा शोध संस्थेच्या नावापासून नव्हे, तर प्रश्नापासून सुरू करावा. 'कोणत्याही नामांकित संस्थेत कोणत्याही विषयावर' अशी ज्याची इच्छा असते, त्याला निवड समितीपुढे दोन मिनिटेही बोलता येत नाही. उलट 'कमी पाण्यावर येणाऱ्या भाताच्या मुळांची रचना कशी असते' एवढा एकच प्रश्न मनात घेऊन जो निघतो, त्याला रायपूर, कटक, हैदराबाद आणि परदेशातीलही कोणाची दारे ठोठवायची हे आपोआप कळू लागते.

आता त्या तीन गोष्टींकडे क्रमाने वळू. पहिली अधिछात्रवृत्ती. विज्ञानशाखांसाठी सर्वांत मोठा मार्ग वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्या संयुक्त राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, म्हणजे 'नेट'चा. ती रसायन, भौतिकी, गणित, जीवशास्त्र आणि भूविज्ञानादी शास्त्रे अशा पाच गटांत घेतली जाते. तीत वरचे स्थान मिळविणाऱ्यास कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार रुपये आणि प्रगती समाधानकारक ठरल्यास पुढे वरिष्ठ अधिछात्र म्हणून दरमहा ४२ हजार रुपये, असे हे विद्यावेतन आहे. घरभाडे भत्ता निराळा. एकूण मुदत पाच वर्षांची. ज्या घरात मुलाच्या पगाराकडे डोळे लागलेले असतात, तेथे हा आकडा स्पष्ट सांगितला पाहिजे. कारण संशोधन म्हणजे आई-वडिलांच्या खर्चाने चालणारे लांबलेले शिक्षण, ही समजूत दूर झाली की घरातील अर्धा विरोध मावळतो.

या परीक्षेच्या निकालाचे २०२४ पासून तीन स्तर आहेत. पहिल्या स्तरावर अधिछात्रवृत्तीसह अध्यापनाची पात्रता, दुसऱ्यावर अध्यापनाची पात्रता व पीएच्. डी. प्रवेश, आणि तिसऱ्यावर केवळ पीएच्. डी. प्रवेशाची पात्रता मिळते. दुसऱ्या व तिसऱ्या स्तरावरील विद्यार्थ्यांच्या प्रवेशात परीक्षेच्या गुणांना ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के वजन असते आणि त्या गुणांची मुदत एक वर्षच असते. या मुदतीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे एक संपूर्ण वर्ष वाया जाऊ शकते. अधिछात्रवृत्तीच्या पत्रालाही मुदत असते. त्या अवधीत प्रवेश घेऊन संशोधनास आरंभ केला नाही, तर हाती आलेली रक्कम हातची जाते. अधिछात्रवृत्ती म्हणजे हुंडी आहे. ती वटविण्यासाठी पेढी शोधावीच लागते.

'नेट' हा एकच दरवाजा आहे, असेही नाही. अभियांत्रिकीसाठी 'गेट' ही परीक्षा असून तिचे गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात; विज्ञानाच्या कित्येक शाखांनाही ती खुली आहे. भौतिकीच्या विद्यार्थ्यांसाठी अनेक संस्थांनी मिळून चालविलेली 'जेस्ट' ही परीक्षा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची स्वतःची प्रवेशपरीक्षा आहे. गणितासाठी राष्ट्रीय उच्च गणित मंडळ शिष्यवृत्त्या देते. जैवतंत्रज्ञानासाठी त्या विभागाची स्वतंत्र परीक्षा आहे. आणि कृषिविद्येच्या विद्यार्थ्यास भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या परीक्षेतून जावे लागते. कृषी पदवीधराने केवळ विज्ञानशाखेच्या परीक्षेची वाट पाहत बसणे, किंवा गणिताच्या विद्यार्थ्याला उच्च गणित मंडळाचे नावही ठाऊक नसणे, या गोष्टी आजही घडतात. बुद्धीची उणीव हे त्याचे कारण नसते; माहितीची उणीव हे असते.

दुसरी गोष्ट प्रवेशाची. येथे एक सूक्ष्म भेद लक्षात ठेवला पाहिजे. संशोधन करणारी प्रत्येक संस्था पदवी देतेच असे नाही. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली, नागपूरची पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५८ साली; या प्रयोगशाळांतील विद्यार्थी पूर्वी निरनिराळ्या विद्यापीठांत नावे नोंदवीत. आता अशा प्रयोगशाळांसाठी संसदेच्या कायद्याने वैज्ञानिक व अभिनव संशोधन अकादमी निर्माण झाली आहे आणि तिच्यामार्फत पदवी मिळते. अणुशक्ती खात्याच्या संस्थांसाठी होमी भाभा राष्ट्रीय संस्था हेच काम करते. तेव्हा प्रयोगशाळेत जागा मिळाली म्हणून आनंदित होण्यापूर्वी 'पदवी कोणाची आणि नोंदणी कोठे?' हे दोन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

प्रवेशाचे नियमही २०२२ सालच्या नोव्हेंबरपासून पालटले आहेत. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास आता थेट पीएच्. डी.ला प्रवेश घेता येतो. एम्. फिल्. ही पदवी बंद झाली. पीएच्. डी.ची किमान मुदत तीन वर्षे आणि कमाल सहा वर्षे ठेवण्यात आली असून पुनर्नोंदणीने दोन वर्षे वाढवून मिळू शकतात. स्त्रियांना व अपंग विद्यार्थ्यांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे, आणि संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते. ज्या मुलीचे लग्न आणि संशोधन या दोन गोष्टींचा विचार घरात एकाच वेळी चालू असतो, तिच्या दृष्टीने हा नियम महत्त्वाचा आहे. एकाची निवड म्हणजे दुसऱ्याचा त्याग, असे आता समजण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट मार्गदर्शकाची, आणि हीच सर्वांत नाजूक. नियमानुसार प्राध्यापकाजवळ एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाजवळ सहा आणि सहायक प्राध्यापकाजवळ चारच संशोधक विद्यार्थी असू शकतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की, विभाग कितीही मोठा असला तरी जागा मोजक्या असतात, आणि एखाद्या विद्यार्थ्याचा प्रबंध स्वीकारला जाईपर्यंत नव्याला वाव मिळत नाही. म्हणून प्रसिद्ध नावांमागे धावण्याऐवजी, नुकतेच आपली प्रयोगशाळा उभारू लागलेल्या तरुण प्राध्यापकांकडेही पाहावे. त्यांच्याकडे जागा असते, उत्साह असतो आणि विद्यार्थ्यासाठी वेळही असतो.

मार्गदर्शकाची पारख कशी करावी? यासाठी पूर्वी ओळखीच्या माणसांवर विसंबावे लागे. आता एक उत्तम साधन सर्वांना मोफत उपलब्ध आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालविलेल्या 'शोधगंगा' या संग्रहात भारतीय विद्यापीठांचे लक्षावधी प्रबंध वाचावयास मिळतात. ज्याच्या हाताखाली काम करावयाचे त्याच्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन प्रबंध तेथे काढावेत. प्रश्न स्पष्ट आहे काय, मोजमाप काळजीपूर्वक केले आहे काय, नोंदणी आणि प्रबंध यांत किती वर्षे गेली, हे पाहावे. त्यानंतर त्या प्राध्यापकाचे अलीकडचे तीन शोधनिबंध वाचावेत. जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यता' या योजनेखाली शासकीय उच्च शिक्षणसंस्था व केंद्रीय संशोधनसंस्था यांना सुमारे १३ हजार आंतरराष्ट्रीय नियतकालिके खुली झाली आहेत. ज्या नियतकालिकाचे दर्शन घ्यायला पूर्वी मोठ्या शहराचे ग्रंथालय गाठावे लागे, ते आता रायपूरच्या शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही वाचता येऊ शकते. अंतराने निर्माण केलेली विषमता एवढ्यापुरती तरी कमी झाली आहे.

वाचन झाल्यावर पत्र लिहावे. हे पत्र म्हणजे अर्ज नव्हे आणि स्तुतिपाठ तर मुळीच नव्हे. शंभर प्राध्यापकांना एकाच मजकुराचे पत्र पाठविणारा विद्यार्थी शंभर ठिकाणी दुर्लक्षिला जातो. पत्र एका पानाहून मोठे नसावे. पहिल्या परिच्छेदात आपण कोण, काय शिकलो. दुसऱ्यात त्यांच्या कोणत्या निबंधातील कोणत्या मुद्द्याने आपले लक्ष वेधले आणि त्यावर आपल्याला काय विचारावेसे वाटते. तिसऱ्यात आपली अधिछात्रवृत्ती वा परीक्षेची स्थिती काय आणि येत्या सत्रात त्यांच्याकडे जागा आहे काय. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास एकदा नम्रपणे स्मरण द्यावे. त्यानंतरही मौन राहिले तर ते उत्तरच समजावे आणि पुढच्या दाराशी जावे. त्यात अपमान मानण्यासारखे काही नाही.

या तीन मार्गांखेरीज एक चौथी, आडबाजूची पण फार उपयुक्त वाट आहे. ती म्हणजे प्रकल्पातील नेमणूक. प्राध्यापकांना सरकारी खात्यांकडून ठरावीक मुदतीचे प्रकल्प मिळतात आणि त्यांत प्रकल्प सहयोगी वा प्रकल्प सहायक नेमण्याची तरतूद असते. अशा जागांच्या जाहिराती संस्थांच्या संकेतस्थळांवर येतात, मुदत बहुधा थोड्या आठवड्यांची असते आणि पुष्कळदा थेट मुलाखतीलाच बोलावले जाते. काही जागांना राष्ट्रीय परीक्षेची अटही नसते. मात्र तेथील वेतन कमी असते आणि प्रकल्प संपला की नेमणूकही संपते. तरीसुद्धा वर्षभर प्रयोगशाळेत काम केलेल्या उमेदवाराचे हात सरावतात, संशोधन आपल्याला मानवते की नाही हे कळते, आणि शिफारसपत्र देणारा एक माणूस जोडला जातो. परीक्षेत थोडक्यात हुकलेल्या विद्यार्थ्याने घरी बसून दुसऱ्या प्रयत्नाची तयारी करण्यापेक्षा ही वाट धरणे अनेकदा अधिक हिताचे ठरते. फक्त, प्रकल्पातील नेमणूक म्हणजे पीएच्. डी.चा प्रवेश नव्हे, हे विसरू नये.

मुलाखतीविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. समिती बहुधा अवघड प्रश्न विचारीत नाही. ती सोपे प्रश्न खोलवर विचारते. एम्. एस्सी.च्या प्रकल्पात अमुक द्रावण का वापरले, तमुक आलेख सरळ का आला नाही, असे प्रश्न येतात. 'मार्गदर्शकांनी सांगितले म्हणून' हे उत्तर तेथे उपयोगी पडत नाही. जे ठाऊक नाही ते 'ठाऊक नाही' असे सांगून, ते शोधावयाचे झाल्यास आपण कसे शोधू हे बोलून दाखविणारा उमेदवार समितीला अधिक आवडतो. कारण संशोधकाचा सगळा दिवस न ठाऊक असलेल्या गोष्टींच्या सहवासातच जावयाचा असतो.

परदेशाचा विचार करणाऱ्यांनी देशादेशांतील रीतिभेद ओळखले पाहिजेत. जर्मनीत पीएच्. डी.ची जागा पुष्कळदा नोकरीसारखी जाहीर होते; तिला करार असतो, वेतन असते आणि अर्ज थेट प्राध्यापकाकडे वा संस्थेकडे जातो. अमेरिकेत विद्यार्थी बहुधा विभागात प्रवेश घेतो, पहिल्या वर्षात निरनिराळे अभ्यासक्रम पुरे करतो आणि मग मार्गदर्शक निवडतो. निर्वाह अध्यापनसाहाय्यातून वा संशोधनसाहाय्यातून चालतो. युरोपीय संघाच्या मेरी क्यूरी योजनेत अशी अट आहे की, उमेदवाराने त्या देशात मागील तीन वर्षांत बारा महिन्यांहून अधिक काळ वास्तव्य केलेले नसावे. म्हणजे भारतातून थेट अर्ज करणाऱ्याला ही अट आड येत नाही. एकंदरीत नियम एवढाच की, जेथे विद्यावेतन नाही आणि शुल्क मात्र भरावे लागते, अशा संशोधनाच्या जागेसाठी घर गहाण टाकण्यापूर्वी दहादा विचार करावा.

याच ठिकाणी आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पैसे घेऊन प्रबंध लिहून देणारे, पैसे घेऊन कोणताही निबंध चार दिवसांत छापणारे आणि वर्षभरात पदवीची हमी देणारे लोक विद्येच्या बाजारात फार झाले आहेत. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे, ही अट आयोगाने २०२२ च्या नियमांत ठेवलेली नाही. तेव्हा त्या भीतीपोटी कोणी अशा सापळ्यात अडकू नये. कोणत्याही संस्थेत नाव घालण्यापूर्वी तिची मान्यता आयोगाच्या यादीत स्वतः पाहून घ्यावी.

जागा मिळणे आणि तिला पात्र ठरणे यांत किती अंतर असते, याचे स्मरण राहावे म्हणून एक उदाहरण पुरेसे आहे. कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, यांचा जन्म १९११ साली इंदूरचा, म्हणजे महाराष्ट्राबाहेरील मराठी घरातला. मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवून १९३३ साली त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. गुणांत कोठेही कमतरता नव्हती. पण अर्जदार स्त्री होती, म्हणून संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी नकार दिला. त्या नकार घेऊन परतल्या नाहीत. अखेरीस त्यांना एक वर्ष केवळ परीक्षणाखाली ठेवण्याच्या अटीवर घेण्यात आले. दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर त्यांनी इतके चोख काम केले की ती अट गळून पडली आणि त्या संस्थेची दारे पुढील विद्यार्थिनींना उघडली. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच्. डी. मिळविली, आणि तो प्रबंध अवघ्या चाळीस-एक पानांचा होता. आज कोणत्याही संस्थेला अशी अट घालता येणार नाही. परंतु अपुऱ्या मानाची, तात्पुरती जागाही स्वीकारून तिचे सोने करता येते, हा त्यांच्या आयुष्याने दिलेला धडा आजही तितकाच खरा आहे.

शेवटी प्रश्न राहतो घराचा. रायपूरच्या मराठी कुटुंबात, किंवा अशाच एखाद्या महाराष्ट्राबाहेरच्या गावी, मुलगा वा मुलगी पीएच्. डी.चे नाव काढते तेव्हा वडीलधारी माणसे तीन प्रश्न विचारतात: किती वर्षे लागतील, तोवर खायचे काय, आणि पुढे काय? हे प्रश्न विज्ञानाच्या विरोधातले नाहीत. ते संसाराचे आहेत आणि त्यांना प्रामाणिक उत्तरे मिळाली पाहिजेत. वर्षे साधारणतः पाच लागतात. अधिछात्रवृत्ती असेल तर साधेपणाने निर्वाह होतो. आणि पुढची हमी कोणीही देऊ शकत नाही. प्राध्यापकीच्या जागा थोड्या आहेत, उमेदवार पुष्कळ आहेत, उद्योगधंद्यांतील प्रयोगशाळा काहींना सामावून घेतात, काहींना वाट बदलावी लागते. हे सर्व ठाऊक असूनही ज्याला आपल्या प्रश्नाचे कुतूहल स्वस्थ बसू देत नाही, त्यानेच या मार्गाने जावे. अशा विद्यार्थ्याने दूरच्या नावांची यादी करण्याआधी आपल्या जिल्ह्याच्या नकाशावर एकदा नजर टाकावी. ज्या मातीत भाताच्या हजारो जाती पिकल्या, ज्या डोंगरांत पोलादाचे खनिज सापडले आणि ज्या वस्त्यांत सिकलसेलचे कोडे अजून पुरते उलगडलेले नाही, त्या मुलखात संशोधनासाठी प्रश्नांचा दुष्काळ कधीच नव्हता. उणीव होती ती वाट ठाऊक असण्याची; आणि ती भरून काढणे आज प्रत्येकाच्या हाती आहे.